तंबूकडे येणारी रेघ

हिमनदी मागे सरते म्हणजे ती पावलं मागे टाकत नाही, तिचं टोक वितळतं, हे मास्तर सहलीला आलेल्या प्रत्येक वर्गाला नव्या उत्साहाने समजावत. ते काही खरे मास्तर नव्हते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवर बर्फाची कड रेखायची, हे त्यांचं काम. पण पोरं समोर आली की त्यांना स्फुरण चढे, म्हणून कचेरीने हे नाव पाडलं होतं. त्यांनाही ते आवडे.

मुलं गेली. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर आलं होतं. मास्तरांनी चहाचा घोट घेऊन नवं चित्र उघडलं. या हिमनदीवर त्यांचा विशेष जीव होता. तिच्या पायथ्याशी त्यांची लेक तिघा सोबत्यांसह तंबू ठोकून बर्फाची जाडी मोजत होती.

कचेरीचा नियम असा, की एकच कड दोघांनी वेगवेगळी रेखायची आणि मग रेषा एकमेकींवर ठेवून पाहायच्या. मास्तरांची जोडीदारीण म्हणजे चष्मेवाली. आज दोघांच्या रेषा तंतोतंत जुळल्या. पण बर्फापासून खाली एक फिकट रेघ आली होती.

"ओढा असेल," चष्मेवाली म्हणाली.

"ओढा कधी पट्टी लावून वाहतो का गं?"

"मग पायवाट."

"इथला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. पायवाट दिसायला तिथून हत्तींचे कळप जायला हवेत!"

दोघं हसली. मास्तरांनी मागचं चित्र काढलं. त्यात रेघ निम्मीच होती. त्याआधीच्या चित्रात नव्हतीच. सावली म्हणावी, तर सावली उन्हाबरोबर सरकते. ही जागच्या जागी लांबत होती. तिचं खालचं टोक तंबूंच्या रोखाने होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, इथे नुसते दगड आहेत. रेघ कसली घेऊन बसलात?"

"तरी तंबू, तुम्ही पाणी भरता त्या ओढ्यापलीकडे हलवा."

"पण का?"

"म्हाताऱ्याचा हट्ट समज."

तिने कुरकुरत का होईना, तंबू हलवले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

पुढचं चित्र आलं. रेघ तंबूंच्या जुन्या जागेपर्यंत येऊन थांबली होती. वर, ती जिथून निघाली होती, तिथे बर्फाच्या कडेला एक खाच पडली होती. मास्तरांनी चित्र मोठं करून पाहिलं. नुसते काळे चौकोन.

"वेळेवर तंबू हलवायला लावलेत बघा तुम्ही," चष्मेवाली म्हणाली. मास्तर समाधानाने मान डोलावतात तोच फोन वाजला.

"बाबा, खुंट्या राहिल्या होत्या म्हणून जुन्या जागी आलो, तर तुमची रेघ सापडली! चांगला ऐसपैस रस्ता आहे. दगड दोन्ही कडांना नीट रचलेत."

"आहात कुठे?"

"रस्त्यावरच. वर चाललोय. बर्फ जवळ आलं तरी थंडी नाही. स्वेटर काढून टाकलेत."

"सगळे आहात ना?"

"हो, चौघंही. मी सगळ्यांच्या पुढे, बाकीचे मागे."

लेक लहानपणी झोपाळ्यावर हसायची, तसं हसत होती.

"मागे फिरा!" मास्तर ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

"हळू ना, बाबा," ती कुजबुजली. "पुढचे सगळे थांबून वळून बघताहेत."