गुळगुळीत धडे

फादरांच्या कचेरीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर ती बसली होती. बाहेर भुरभुर पाऊस, आणि समोर एक उंच तरुण ओली छत्री कुठे ठेवावी ते न सुचून ती हातातच धरून उभा. छत्रीचं पाणी नेमकं तिच्या चपलेवर ठिबकत होतं.

"तिला जरा टेकवा कुठेतरी," ती म्हणाली. "तीही दमली असेल."

तो ओशाळला. छत्री कोपऱ्यात ठेवून बाकाच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्याही मांडीवर एकेक छोटी डबी होती. त्याने एकदा तिच्या डबीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तुम्ही... फादरांकडेच?"

"त्यांचे कान घेऊन आलेय."

तो आपली डबी किंचित वर उचलून म्हणाला, "मी दात."

दोघं इतकी हसली, की आतून फादरांनी विचारलं, कोण आहे बाहेर? अर्थात उत्तर त्यांना ऐकू आलं नाही. ते यायला अजून तिची डबी उघडायची होती.

ती कानाची यंत्रं बसवणाऱ्या दुकानात कामाला होती. तो कवळ्या बनवायचा. प्लास्टरच्या धुळीने त्याच्या नखांच्या कडा कायम पांढऱ्या असत. आणि फादर म्हणजे गाऊन प्रवचन करणारा माणूस. दातांशिवाय शब्द सुटेनात आणि कानांशिवाय ऑर्गनचा सूर सापडेना, म्हणून दोन्ही दुरुस्त्या एकाच दिवशी निघाल्या होत्या.

यंत्र नीट चालतंय ना, एवढंच बघायला ती त्या रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. फादर आधी साधं बोलत होते. हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगत होते, मधे एक विनोद केला, लोक हसले. आणि मग बोलता बोलता, कुठे सुरू झालं ते कळायच्या आतच, ते गाऊ लागले. आवाज थकलेला होता, पण सुरावर असा टेकलेला, जसा म्हातारा माणूस मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो. शेवटची ओळ सगळ्या देवळाने उचलली. लोक बाहेर पडले तरी ती बाकावरच बसून होती. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. त्याच्याही पुढच्या. यंत्र केव्हाच उत्तम चाललं होतं.

शेवटी एक दिवस तिने फादरांना विचारलं, आत यायचं तर काय करावं लागतं? फादर म्हणाले, बाप्तिस्मा घ्यावा लागतो आणि त्याआधी शिकावं लागतं. देवळामागच्या खोलीत दर बुधवारी संध्याकाळी वर्ग भरतो. "शिकवणारा तुझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "माझे दात करतो."

वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर, त्यांची बायको आणि ती. घडीच्या खुर्च्या, फळा, ओलसर भिंतींचा वास. पहिले काही धडे त्याने पुस्तकातून नीट, जरा घाबरतच शिकवले. मग पापनिवेदनाचा धडा आला. आपली चूक धर्मगुरूसमोर तोंडाने सांगायची, असं त्याने वाचून दाखवलं, तशी ती एकदम म्हणाली, "लाज वाटणारी गोष्ट दुसऱ्या माणसाला सांगायची? मला नाही जमणार. मग मी... बहुतेक पुढे येणारच नाही."

त्याच्या हातातला खडू तसाच राहिला. पुस्तक मिटून तो हळूच म्हणाला, तसं अगदी सांगायलाच हवं असं नाही. मनातल्या मनात माफी मागितली तरी देव ऐकतोच की. ड्रायव्हरकाकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि तिची कपाळावरची आठी गेली.

त्या दिवसापासून धडे सोपे होत गेले. नरक म्हणजे मनाचा एक मूड. उपवास ज्याला झेपेल त्याला. आणि वेदीवरची भाकर ही भाकरच. आपण सगळे मिळून आठवणीने खातो, प्रेमाने वाटतो, म्हणून ती पवित्र. किती छान सांगायचा तो... बोलताना दोन्ही तळहात असे उघडायचा, की त्यात काहीतरी अलगद ठेवावंसं वाटे.

खरं तर तिला कळायला हवं होतं. फादर रविवारी वेगळंच गात होते. भाकर दिसते ती भाकर उरली नाही, प्रभू स्वतः आला आहे, असं त्यांनी डोळे मिटून गायलं होतं, आणि तिने त्यातला शब्दन् शब्द ऐकला होता. पण बुधवारी वर्ग सुटला की तो कोपऱ्यापर्यंत सोबत यायचा. ऐकलेलं विचारायला गेलं तर त्याचा चेहरा उतरेल... म्हणून तिने विचारलं नाही.

"हसताना तुमचा डावीकडचा एक दात जरा पुढे येतो," तो एकदा म्हणाला.

"मग? घासून देता का?"

"छे. त्याला कुणी हात लावलेला मला चालणार नाही."

"तुम्हाला? दात माझा की तुमचा?"

तो लाल झाला आणि दिव्याच्या खांबावर आपटता आपटता वाचला. ती घरी पोचेपर्यंत जिभेने तो दात चाचपत होती.

घरी आईला सांगणं सोपं नव्हतं. आईने आधी सगळी भांडी घासून काढली. मग तिने कपाटातून पांढरं कापड काढलं आणि मशीनवर बसली. बाप्तिस्म्याला पांढरं घालतात, हे तिने कुठून तरी माहीत करून घेतलं होतं. "जायचं तर नीट जा," दोरा ओवताना ती म्हणाली. "अर्धवट काही करून आलीस तर मला तोंड दाखवू नकोस." मामाला आणि दादाला ईस्टरचं बोलावणंही तिनेच धाडलं.

बाप्तिस्म्याआधी फादर प्रत्येकाशी बोलत. तिचा नंबर पहिला होता. कचेरीत फादर आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाई. बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरकाका, काकू आणि तो, धीर द्यायला आलेला. त्याच सकाळी तिने फादरांचं यंत्र स्वतः तपासून दिलं होतं. त्यांना पान हललेलं ऐकू येत होतं. पण मोठ्याने बोलायची सवय गेली नव्हती.

"मी वेदीवर प्रभूचे शब्द उच्चारतो," फादर म्हणाले. "त्यानंतर तिथे काय असतं, बाळ?"

तिला उत्तर अगदी पाठ होतं. "भाकर, फादर. पण प्रेमाने वाटलेली."

फादरांनी यंत्राला बोट लावून पाहिलं. त्यांना वाटलं, चूक त्यातच असावी. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जास्त स्पष्ट, जरा अभिमानानेच. मग पापनिवेदनाचं विचारलं, ती म्हणाली, मनातल्या मनात पुरतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. ती वळलेली नजरच तिला लागली. आपण काहीतरी भयंकर बोललोय, आणि ते सगळ्यांना कळलंय, आपल्याला सोडून.

"हे तुला कुणी शिकवलं?" फादरांचा आवाज दाराबाहेर सहज गेला.

दार अर्धवट उघडं होतं. फटीतून तिला बाकाचं टोक दिसत होतं, आणि गुडघ्यांवर घट्ट आवळलेले दोन हात. ते हात हलले नाहीत.

"कुणी नाही," ती म्हणाली. तिचे कान तापले होते. "मीच... नीट ऐकलं नाही, फादर."

फादर फार हळुवार बोलले, आणि तेच जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं. घाई नाही, ते म्हणाले. ईस्टर राहू दे. पुन्हा पहिल्यापासून बस.

बाहेर आली तेव्हा कुणाकडे बघायचं तेच कळेना. ड्रायव्हरकाका छताकडे बघत होते. काकूंनी पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. तो उठून उभा राहिला. ती मान खाली घालून निघून गेली. घरी आईने ईस्टर पुढे गेल्याचं ऐकलं, आणि काही न विचारता पांढरा झगा घडी करून कपाटात ठेवला. मामाला काय सांगायचं, एवढंच पुटपुटली. त्या पुटपुटण्याने ती आणखीच लहान झाली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. गिऱ्हाईक असल्यासारखा खुर्चीत बसला. ती काउंटर पुसत राहिली.

"मला एकच सांगा," शेवटी तीच म्हणाली. "तुम्हाला खरं माहीत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. लहानपणापासून." तो आपल्या नखांकडे बघत होता. "तुम्ही म्हणालात ना, पुढे येणारच नाही... आमच्या कामात काय असतं, माणूस म्हणतो इथे टोचतंय, की आम्ही तिथे घासतो. पुन्हा टोचलं, पुन्हा घासायचं. हात आपोआप तसा चालतो. मी घासत गेलो. तुम्ही राहाव्यात म्हणून."

"आणि घासून घासून मला काय दिलंत?"

तो नखांतली पांढरी धूळ खरवडू लागला.

"इथे लोक पहिल्यांदा यंत्र लावतात ना, तेव्हा रडकुंडीला येतात. भांड्यांचा आवाज, गाड्यांचा आवाज, सून काय पुटपुटते ते. म्हणतात, कमी करा. मी कमी केलं तर ते खूश होतील हो. पण मग त्यांना ऐकू कुठे आलं?" ती पुसलेलीच जागा पुन्हा पुसू लागली. "मला तुमच्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटते. मी रविवारी फादरांचं ऐकत होते. मला फरक कळत होता. मी तो चालवून घेतला, कारण बुधवारी तुम्ही कोपऱ्यापर्यंत यायचात."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. त्याच्याही लक्षात आलं. पण आनंद व्हायची ती वेळ नव्हती.

"मी काल आत यायला हवं होतं," तो म्हणाला. "पाय उचललेच नाहीत. फादर आता मला वर्गातून काढतील."

"काढू देत."

"मग तुम्ही मला कुठे भेटणार?"

तिने फडकं बाजूला ठेवलं. "आधी त्यांना जाऊन भेटा."

शनिवारी ती स्वतः फादरांकडे गेली. त्यांच्यासमोर ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. ज्या एका गोष्टीपायी सगळं रामायण घडलं, नेमकी तीच करायची वेळ आली होती. लाजेची गोष्ट दुसऱ्या माणसाला तोंडाने सांगायची. फादर म्हणाले, तुझा बाप्तिस्मा अजून व्हायचाय, तेव्हा हे काही रीतसर पापनिवेदन नव्हे. पण सांग.

"मी खोटं बोलले, फादर. नीट ऐकलं नाही म्हणाले. ऐकलं होतं. कुणाला तरी वाचवायचं होतं. आणि त्याच्याआधीपासून... मला सोपं तेच हवं होतं."

एवढंच. पण उच्चारल्यावर छातीवरचा दगड असा सरकला, की तिला आधी हसू आलं आणि मग रडू. फादरांनी तिला रडू दिलं. मग सांगितलं, की तो सकाळीच येऊन गेला होता, आणि त्यालाही असंच झालं. "दोघांनी मिळून माझे रुमाल संपवले," ते म्हणाले.

फादरांनी त्याला काढलं नाही. त्याहून कठीण शिक्षा दिली. ड्रायव्हरकाका, काकू आणि ती, तिघांनाही त्याने पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकवायचं, आणि फादर मागच्या खुर्चीवर बसणार. पहिल्याच बुधवारी तो फळ्यासमोर उभा राहिला, आणि मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, एवढं वाक्य बोलायला त्याला कितीतरी वेळ लागला. ड्रायव्हरकाका म्हणाले, चुकीच्या रस्त्याला लागलेली गाडी आम्हीही वळवलीय मास्तर, फक्त तेव्हा प्रवासी शिव्या देतात. चला, वळवा.

या वेळी धडे टोचले. तिने भांडून प्रश्न विचारले, त्याने न कचरता उत्तरं दिली. माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाला. कोपऱ्यापर्यंत मात्र तो आला नाही. आपल्या लोभाने ही इथे आली असं कुणी, किंवा तिने स्वतःच, कधी म्हणू नये, अशी त्याने मनाशी गाठ बांधली होती. तिला ते न सांगताच कळलं, आणि रस्ताभर एकटीनेच चालताना तो तिला पूर्वीपेक्षा जास्त आवडला.

पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी तिचा बाप्तिस्मा झाला. मामा आला, दादा आला. आई शेवटपर्यंत उभी होती, आणि तिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा आईनेच डोळे पुसले. फादर प्रवचनात गायले. वेदीवर कोण आलंय ते गायले, आणि या वेळी तिने ती ओळ साऱ्यांबरोबर उचलली.

लोक पांगल्यावर ती पायऱ्यांवर आली. तो खाली उभा होता. आत बाई अजून ऑर्गन वाजवत होत्या.

"आता विचारलं तर चालेल?" तो म्हणाला.

"काय?"

"आधी पूर्ण ऐका. आमच्यात लग्न म्हणजे कायमचं. आजारपण, कंटाळा, भांडण... कशानेही सुटत नाही. यात काही सोपं करून सांगता येणार नाही मला." त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "आणि मी भित्रा आहे. तुम्ही आत एकट्या होतात आणि मी बाहेर बसून राहिलो. ती लाज माझी जायची नाही. तेही मोजून घ्या."

ती एक पायरी खाली आली. "तुम्ही मला सगळ्यांसमोर वेडी ठरू दिलंत. मी तुमच्यासाठी फादरांशी खोटं बोलले. लग्नाआधी माणसं एवढं कुठे कळू देतात? आपल्याला आता एकमेकांपासून लपवायला काही उरलेलंच नाही..."

"म्हणजे?"

तिने उत्तर दिलं. पांढऱ्या झग्यात, भर उन्हात, कुणाची पर्वा न करता चांगलं मोठ्याने दिलं. इतकं, की आत बाईंची बोटं ऑर्गनवर थांबली, आणि मग, हसत असल्यासारखी, भराभर पुन्हा सुरू झाली.