मोरपंखी टॉपचं अस्तर

वैजयंतीमावशींच्या दाराची बेल कस्तुरीनं तिसऱ्यांदा दाबली, तेव्हा कुठे आतून कुणीतरी धडपडत आलं. दार उघडलं, पण दारात मावशी नव्हत्या. एक उंच, सडसडीत मुलगा उभा होता. अंगात ऑफिसचा शर्ट, पायांत रबरी चपला आणि हातात अर्धी सोललेली काकडी.

"मावशी?"

"लेस्टरला गेल्या. भाचीचं लग्न आहे नं. सोमवारी येतील." मग उगाचच त्यानं काकडी पाठीमागे लपवली. "मी वर राहतो. भाड्यानं. सुश्रुत."

बाहेर लंडनच्या पिनर उपनगरातली नेहमीची भुरभुर चालू होती. छत्री उघडायची लाज वाटावी आणि न उघडावी तर केस भिजावेत, अशी. कस्तुरीच्या पापण्यांवर दोन-चार थेंब अडकले होते. सुश्रुतनं ते पाहिले, आणि नंतर बराच वेळ तो पायपुसण्याकडेच पाहत राहिला.

"माझा टॉप रेडी असणार," कस्तुरी म्हणाली. "मोरपंखी कलरचा. संडेला माझी ऑडिशन आहे."

"हो, पिशवीवर नाव लिहून गेल्या आहेत. या नं, तुम्ही आत या."

"तुम्ही? आय ॲम ट्वेंटी-थ्री! मला तू बोल."

आता ही ऑडिशन साधीसुधी नव्हती. क्रिकेटच्या एका काउंटी क्लबला ट्वेंटी-ट्वेंटीच्या सामन्यांसाठी चीअरलीडर्स हव्या होत्या. पगारी, करारावर सही करून घेतलेल्या. बारा जागा, आणि अर्ज शंभराच्या वर. इंग्लंडातच वाढलेली कस्तुरी जवळच्या स्लाऊ गावातल्या एका कंपनीत दिवसभर आकडे भरायची, पण तिचा जीव होता नाचात. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, ती या ऑडिशनला गेली होती आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. अंगात मैत्रिणीचा काळा टॉप, एक साइज लहान. नाचताना तो सारखा वर सरकायचा आणि कस्तुरी सारखी खाली ओढायची. "छान नाचतेस," परीक्षक बाई म्हणाल्या होत्या, "पण तुझं सगळं लक्ष कपड्यांत होतं." हे वाक्य ती वर्षभर उराशी धरून बसली होती. एक वेळ नाच वाईट म्हटलं असतं तर तिनं सोसलं असतं. आपण स्वतःला झाकत बसलो म्हणून हरलो, हे मात्र तिला सोसवत नव्हतं.

म्हणून यंदा तिनं कापड स्वतः निवडलं होतं, चमकतं मोरपंखी लायक्रा. आणि शिवायला दिलं ते आईच्या भरवशाच्या वैजयंतीमावशींकडे. तिच्या आईचे, सुप्रभाताईंचे, ब्लाउज मावशी वीस वर्षं शिवत होत्या.

मावशींची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीशी दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा. कस्तुरी पडद्याआड गेली. थोडा वेळ सळसळ झाली, मग एकदम शांतता.

"ओ माय गॉड," पडद्यामागून आवाज आला. "माझी हात वर जात नाही."

कार्डिगन खांद्यावर ओढून ती बाहेर आली. टॉप दिसायला देखणा होता, पण कोपर खांद्याच्या वर गेलं की सगळा टॉप एखाद्या हट्टी पोरासारखा तिथेच अडून बसत होता. सुश्रुतनं काकडी मशिनवर ठेवली, लांबूनच बाहीची कड दोन बोटांत धरून उलटी केली आणि हळूच म्हणाला, "अस्तर लावलंय. सुती. तेही दुहेरी."

"सो?"

"लायक्रा ताणतं. सुती अस्तर नाही ताणत. शिवणही सरळ टाक्याची आहे, तू उडी मारली की तटातट उसवणार."

त्यानं तिथल्या तिथे लेस्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे सनई वाजत होती.

"अरे, पोरीनं सांगितलं नाचायचंय!" मावशी ओरडून म्हणाल्या. "म्हटलं, नाचताना अंगाचं काही दिसायला नको. सुप्रभा उद्या मला काय म्हणेल? म्हणून चांगलं डबल अस्तर लावलं. त्याचे जास्तीचे पैसेसुद्धा नाही घेतले हो!"

फोन ठेवल्यावर कस्तुरीला हसावं की रडावं कळेना, आणि शेवटी ती रडलीच. फार नाही, पण नाकाचा शेंडा लाल होण्याइतकी. सुश्रुत जागच्या जागी चुळबुळला. मग जे तो या देशात कुणालाच सांगत नसे ते त्यानं सांगून टाकलं.

"माझी आई नागपूरला शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवते. मोर, पऱ्या, फुलपाखरं… दरवर्षी दोन-दोनशे. मी तिच्या मशिनखालीच मोठा झालो. मला… जमतं."

"तुला शिवणं जमतं?"

"ऑफिसात नको सांगू बाप्पा. तिथे मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे."

"टेस्टर म्हणजे काय करतो?"

"लोकांनी केलेलं काम कुठे तुटतं ते शोधतो."

कस्तुरीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. पाहिलं, आणि टॉप उसवायला उद्या येते म्हणून सांगितलं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ती थेट मावशींकडे आली. मे महिन्यातला तो लांबलचक उजेड खिडकीतून आत येऊन मशिनवर पडला होता. समोरासमोर बसून दोघं शिवण उसवायला लागली. तिनं कापड ताणून धरायचं, त्यानं ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडायचा. कापड नेमकं तेवढंच होतं. एक काप चुकला असता तर दुसरा टॉप होणार नव्हता, म्हणून दोघं श्वासही बेतानं घेत होती. धागे तिच्या मांडीवर गोळा होत होते. मधूनच त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची, मग दोघंही एकदम टाके मोजायला लागायची.

"असा कलर का घेतला?" त्यानं विचारलं.

"सगळ्या मुली पिंक नाहीतर ब्लॅक घालतात. मला वाटला, मी दिसली पाहिजे." ती थांबली. "पण भीती पण वाटते ना. दिसली आणि नाही आवडली, तर?"

"कोणाला नाही आवडली?"

"जजेसना," कस्तुरी म्हणाली. "अजून कोणाला?"

सुश्रुतचं ब्लेड टाक्यावरून घसरलं. बोट कापलं नाही, पण कापल्यासारखं तोंड त्यानं नक्की केलं.

शनिवारी दुपारी येताना तिच्या हातात एक दुसरी पिशवी होती. हाय स्ट्रीटवरून विकत घेतलेला काळा टॉप, तिच्या मापाचा, पावतीसकट. "सेफ्टीसाठी," ती नजर चुकवत म्हणाली. सुश्रुतला वाईट वाटलं. सकाळपासून बसून त्यानं मोरपंखी टॉपचं अस्तर काढून त्याच्या सगळ्या शिवणी कापडाबरोबर ताणणाऱ्या झिगझॅग टाक्यानं पुन्हा घातल्या होत्या, दोनदा सुई बदलून. तरीही मावशींची इस्त्रीची घडवंची त्यानं भिंतीला लावली, गालिचा गुंडाळला आणि खोली मोकळी केली.

"दोन्ही घालून नाच," तो म्हणाला. "मी भिंतीकडे तोंड करून बसतो."

"मग तुला कळणार कसं?"

"टाका तुटला की आवाज येतो. मी ऐकीन."

आणि खरंच तो भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. कस्तुरीनं सीडी लावली. आधी काळा टॉप, मग मोरपंखी, दोन्ही वेळा तोच दोन मिनिटांचा नाच. गाणं थांबल्यावर खोलीत फक्त तिच्या धापा टाकण्याचा आवाज राहिला.

"सांग. कुठला?"

"टाका एकाचाही तुटला नाही," सुश्रुत भिंतीला म्हणाला. "पण पहिल्या वेळी तू सहा ठिकाणी थांबली. एवढंसंच थांबली, पण पाऊल उशिरा पडलं. काहीतरी ओढत होती बहुतेक. दुसऱ्या वेळी…" त्याचा आवाज जरा खाली आला. "दुसऱ्या वेळी एकदाही नाही थांबली. मी तर टाके ऐकायचंच विसरलो."

कस्तुरीनं बाजूला पडलेल्या काळ्या टॉपकडे पाहिलं. तो तिच्या अगदी मापाचा होता. तरी नाचताना तिचे हात सवयीनं तो खाली ओढायला जात होते, आणि हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. या पाठमोऱ्या माणसाला मात्र नुसत्या पावलांवरून कळलं. आपण याच्या प्रेमात पडतोय हे तिला तेव्हाच, त्या गुंडाळलेल्या गालिच्यापाशी, स्वच्छ समजलं.

"सुश्रुत," ती म्हणाली, "आता इकडे बघ. मला कोणीतरी बघताना नाचायचंय."

तो वळला. तिनं गाणं पुन्हा लावलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात मोरपंखी रंग कधी निळा व्हायचा, कधी हिरवा. ती हात उंच फेकत होती, गिरकी घेत होती, हसत होती. सुश्रुत पापणी न हलवता पाहत होता. सरळ पाहायची परवानगी मिळाल्यावर लाजायचं कसं, हे बिचाऱ्याला आठवेचना.

रविवारी ऑडिशनच्या हॉलबाहेर तो साडेतीन तास बसला. खिशात सुई, मोरपंखी रीळ आणि चार सेफ्टी पिना. मधे दोनदा पाऊस येऊन गेला. मुली बाहेर पडत होत्या, कुणी रडत, कुणी फोनवर बोलत. सगळ्या निघून गेल्यासारखं वाटलं, तशी त्याला धडकी भरली. आपणच चुकीचा टॉप निवडायला लावला की काय?

आणि दार ढकलून कस्तुरी पळतच बाहेर आली.

"झाले! मी सिलेक्ट झाले! सुश्रुत, मला आठवतच नाही मी काय घातला होता. त्या बाईंनी विचारला, हा कलर कुठे मिळाला, तेव्हा मी खाली बघितला!"

त्यानं तिला मिठी मारायला हात पुढे केले, अर्ध्यात थांबवले आणि शेवटी तिची बॅग घेतली. बॅगेतून प्लॅस्टिकची एक पिशवी डोकावत होती. आत क्लबचा युनिफॉर्म, निळा-पांढरा, कारखान्यात शिवलेला.

"हे देतात?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना सेम. मॅचला हेच घालायचं."

"अच्छा." तो हॉलबाहेरच्या बस स्टॉपच्या बाकावर टेकला. "मग बरं झालं. म्हणजे… आता शिवायचं काही उरलं नाही."

कस्तुरी त्याच्या शेजारी बसली. समोरून लाल बस आली, थांबली, गेली. दोघांपैकी कुणी हात केला नाही.

"युनिफॉर्म थोडा टाइट आहे," ती एकदम म्हणाली. "खांद्यात. तू बघ ना."

सुश्रुतनं लगेच पिशवी उघडली. टॉप उलटा केला, खांद्याची शिवण ताणून पाहिली, काख पाहिली, कड पाहिली. अगदी मन लावून, कपाळाला आठ्या घालून.

"नाही गं. चांगला ताणतो. शिवण एकदम पक्की आहे."

"नीट बघ."

"नीटच पाहून राहिलो. एकही चूक नाही यात."

"सुश्रुत," कस्तुरी कपाळाला हात लावून म्हणाली, "तू खूप वाईट टेस्टर आहेस."

त्यानं वर पाहिलं. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते, ते वाट पाहत होते. निळा-पांढरा टॉप त्याच्या हातात तसाच लोंबकळत राहिला. हळूहळू, एकेक टाका सुटावा तसा, त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हणजे तो टाइट नाहीये?"

"नाही."

"मग कशाला…"

"कारण मला उद्या पण यायचं आहे मावशींच्या घरी. आणि परवा पण. आणि शिवायला काही नाहीये." मग कस्तुरीनं एक मोठा श्वास घेतला आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत, पण न अडखळता सांगितलं, "मला तू आवडतो. खूप."

सुश्रुतनं टॉपची घडी घातली. चुकीची घातली, पुन्हा घातली.

"मला तर गुरुवारपासूनच," तो म्हणाला. "दार उघडलं तेव्हापासून. म्हटलं, टॉपचं निमित्त आहे तोवर गप्प राहावं… काम झालं की तू जाशील."

"आणि मी जात नाहीये," कस्तुरी म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई. तिनं सुश्रुतचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. "हो आई, झालं सिलेक्शन! हो… हो, पोट दिसतं थोडं… आई, ऐक ना. आज जेवायला एक जण जास्त आहे."

पलीकडून सुप्रभाताईंचा आवाज सुश्रुतलाही स्पष्ट ऐकू आला, "कोण गं?"

कस्तुरीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"घरी आल्यावर सांगते," ती म्हणाली. "तू भात जास्त लाव."