तीन महिन्यांची सरासरी

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस नाश्त्याला काकडी खात होता. फक्त काकडी... आणि तीही अर्धी.

लॅबमधली सकाळ होती. उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग घरून आणलेलं खायचं आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा हात पुढे करायचा. चार वर्षं मी हे करत होते. अठ्ठाविसाव्या वर्षी डायबेटिस झाला तेव्हा नातेवाइकांना धक्का बसला होता, मला रडू आलं होतं. आता कोणालाच काही वाटत नाही. मी नुसती दमलेली असते.

"रोज एवढंच खाता?" मी विचारलं. खरं तर मला कोणाशी बोलायचं नव्हतं. पण डोळ्यांदेखत कोणी स्वतःला फसवायला लागलं की माझी जीभ गप्प बसत नाही.

"छे हो! रोज चार टोस्ट, लोणी आणि वर जॅम." तो हळूच म्हणाला. "पण आज परीक्षा ना."

"मग सरळ कॉपी करताय."

"पहिलीच वेळ आहे मॅडम, थोडं सांभाळून घ्या की..."

"दोन तासांनंतरचा आकडा फसेल. तीन महिन्यांची सरासरी कशी फसवाल? तीही याच रक्तातून काढतात. एका दिवसाच्या काकडीला ती भीक घालत नाही."

त्याने उरलेली काकडी डब्यात ठेवली आणि केविलवाण्या चेहऱ्याने विचारलं, "मग... टोस्ट मागवू?"

मी हसले. लॅबमध्ये बसून मी हसतेय, हे मलाच नवीन होतं.

दोन तास कसे गेले कळलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मी तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करायचे. गोळी, जेवण, चालणं, सगळं त्याने मला विचारून घेतलं. जिने चढा म्हटलं, तर म्हणाला, "मीच जिने चढायला लागलो तर धंदा बसेल हो माझा!" घरी साखर मोजायला बोटाला टोचायची मात्र त्याला खरीच भीती वाटत होती. मी त्याचं बोट धरून दाखवलं — मधोमध नाही, कडेला, कडेला कमी दुखतं. हात गार पडला होता बिचाऱ्याचा. तो मी लगेच सोडायला हवा होता. नाही सोडला.

"तुम्हाला सुईची सवय आहे," तो म्हणाला. "मला कोणीतरी धाक दाखवणारं पाहिजे."

"माझ्याकडे धाकाचा साठा भरपूर आहे."

"मग रोज सकाळी आकडा कळवायचा. मी माझा, तुम्ही तुमचा. चालेल?"

चालेल, म्हटलं. त्याच्याकडे न बघता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सातला त्याचा मेसेज आला. '१७४. लाज वाटतेय. तुमची?'

माझी १८१ होती. मी ११८ लिहिलं. आकडे तेच, फक्त जागा बदलल्या, म्हणजे पाप निम्मंच, अशी मी मनाची समजूत घातली. ज्या बाईने काल तासभर उपदेश केला, तिने १८१ कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आई पाहुण्यांना सांगत राहिली, "हिला गोड आवडतच नाही हो." आणि होणाऱ्या सासूबाईंना माझ्या पर्समध्ये गोळ्या सापडल्या. त्या दिवसापासून मला माझा आकडा कोणाला दाखवावासा वाटत नव्हता. निदान एका माणसासाठी तरी मी बरी असावी, एवढीच हौस होती.

मग रोजचंच झालं. ११४. १०९. ११६. हे जमवायला जागांची अदलाबदल पुरेना, तेव्हा मी सरळ मनाचे आकडे लिहायला लागले. मशीनवर मात्र दोनशेच्या पुढे दिसायचं. दुकानात सेल लागला होता, जेवायला कधी चार वाजायचे, दुपारची गोळी राहून जायची. मधे डॉक्टरीणबाईंनी फोनवर रोजची साखर लिहायच्या वहीतले आकडे विचारले. त्यांनाही मी तेच वाचून दाखवले.

"छान! मग गोळ्या आहेत तेवढ्याच ठेवू," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दुकान बंद झालं की तो समोरच्या फुटपाथवर उभा असायचा. अर्धा तास चालायचं, हा आमचा नेम. पाऊस असला की एकच छत्री. छत्री नेहमी माझ्या बाजूला कललेली आणि त्याचा उजवा खांदा चिंब.

"भिजताय तुम्ही."

"विरघळत नाही मी. साखर कमी झालीय आता."

असलं काहीतरी बोलायचा आणि मी हसताना माझ्याकडे बघत राहायचा. मला तो आवडायला लागला होता. फार आवडायला लागला होता. आणि घरी जाऊन मी उद्या सकाळचा आकडा आधीच ठरवून ठेवायचे.

तीन महिने भरले. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मला आधी बोलावलं.

"तीन महिन्यांची सरासरी नऊ पॉइंट चार. सातच्या आत हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वही एक सांगते, रक्त दुसरंच सांगतं. मी कोणाचं ऐकू?"

"रक्ताचं," मी म्हटलं.

"तुझ्या वहीवर विसंबून मी औषध वाढवलं नाही. आता काही महिने इन्सुलिन घ्यावं लागेल. शिक्षा नाही ही. औषधच आहे. बाहेर बस, सिस्टर इंजेक्शन शिकवतील."

बाहेर बाकावर तो कागद नाचवत होता. "सहा पॉइंट आठ! बघा, बघा! रोज सकाळी तुमचा आकडा बघायचो आणि वाटायचं, ही बाई दिवसभर राबून एवढं सांभाळते, आपल्याला चार जिने चढायला काय झालं! सगळं तुमच्यामुळे. आणि मला... मला आज एक विचारायचं होतं—"

"आधी हे वाच," मी म्हटलं. 'तू' कधी तोंडातून गेलं, कळलंच नाही.

त्याने माझा रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आणि ते ११४?"

"खोटं. मशीनवर २१० होती. पहिल्या दिवसापासून सगळं खोटं."

त्याने दोन्ही रिपोर्ट मांडीवर ठेवले.

"म्हणजे रोज सकाळी तू २१० बघायचीस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मला ११४ कळवायचीस आणि ते २१० घेऊन दिवसभर एकटी फिरायचीस? संध्याकाळी माझ्या शेजारी चालतानासुद्धा?"

"मी थकलेय रे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "मोजून खा, मोजून चाल, आठवणीने गोळी घे. याला रविवार नाही. निदान तुला तरी मी बरी वाटावी म्हणून... तू मला आवडतोस. आकडा खाली आला की सांगणार होते. तो काही येत नाही."

त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालाला ग्रीसचा वास होता.

"आमच्याकडे एक नियम आहे," तो म्हणाला. "लिफ्टच्या खड्ड्यात एकट्याने उतरायचं नाही. कितीही अनुभवी असो. एक जण खाली, तर दुसरा वर स्विचपाशी उभा. खालच्याने खरं काय ते ओरडून सांगायचं, म्हणजे वरच्याला कळतं काय करायचं ते." तो थांबला. "आज सकाळी किती होती?"

"दोनशे सदतीस."

"बरं," तो म्हणाला. बस, एवढंच. नाक मुरडलं नाही, सरकून बसला नाही. उलट माझा हात हातात घेतला आणि या वेळी त्याने सोडला नाही.

"मला जे विचारायचं होतं ना, ते अजून तसंच आहे," तो म्हणाला. "दोनशे सदतीसलासुद्धा."

तेवढ्यात आतून सिस्टरने माझा नंबर पुकारला. "चला, सुई कशी घ्यायची ते दाखवते. घरचं कोणी आहे का बरोबर? त्यांनाही शिकावं लागेल."

चार वर्षं या दवाखान्यात मी एकटीच येत होते. मी डोळे पुसले. सुईला घाबरणारा माणूस आधीच उभा राहिला होता, पांढराफटक पडून.

"आहे," मी म्हटलं.