आतून जळलेली

गॅरेजमध्ये मी गेले ते फक्त एक शब्द सांगायला. 'हो' किंवा 'नाही'. एवढ्याशा कामाला कुणी घाबरतं का? पण मी म्हणजे कुकरच्या शिट्टीला दचकणारी. नणंद म्हणते, "वहिनीच्या मागे उभं राहून शिंकायचीसुद्धा चोरी!"

गाडी माझी नव्हती. खरं तर नवऱ्याचीही नव्हती. त्याच्या पहिल्या बायकोची. जुन्या घाटणीची, गोल डोळ्यांसारख्या दिव्यांची, फिकट निळी. बायको आजारपणात गेली, गाडी मागे राहिली. नवरा सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जाऊन गाडी पुसत बसायचा. "कुठे होतास इतका वेळ?" विचारलं की म्हणायचा, "तिच्याजवळ." आपल्या भाषेत गाडीही 'ती' आणि बाईही 'ती'. कॉलेजात व्याकरण शिकताना हे कधी बोचलं नव्हतं.

लग्न होऊन इतके महिने झाले तरी त्याने मला त्या गाडीतून कुठे नेलं नव्हतं. शेवटी मीच हट्ट धरला. एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून तळ्यापर्यंत जाऊन आले. माझ्या बाजूचं दार लागता लागेना. ओढणी त्यात दोनदा अडकली. काच वर केली की आपोआप खाली सरकायची.

"जुनी झालीय ती," तो हसून म्हणाला, "समजून घे."

मी समजून घेतलं. आणि त्याच रात्री शेडमध्ये गाडी पेटली.

जळका सांगाडा त्याने कसाबसा ओढून गॅरेजमध्ये टाकला आणि कामासाठी परगावी गेला. जाताना म्हणाला, "मला बघवत नाही. मिस्त्री तपासतील, तू जाऊन ये. तू म्हणशील तसं करू. दुरुस्त करू, नाहीतर भंगारात देऊ."

तू म्हणशील तसं! त्या घरात मला पहिल्यांदाच असं काही ठरवायला मिळत होतं. उत्तर मी चपला घालतानाच ठरवलं होतं. भंगार.

पोचले तेव्हा दिवस मावळत होता. वीज गेली होती. लांबलचक पत्र्याच्या खोलीत मिस्त्री एकटेच होते, आणि छताच्या आकड्याला एक बॅटरीचा दिवा टांगलेला. गाडी मध्येच, काळी, काचा नसलेली. जळक्या रबराचा वास, भिजलेल्या राखेचा वास... आणि त्याखाली आणखी एक. इस्त्री जास्त तापली की कपड्याला येतो तसा.

"ताई, जळक्या गाडीला डोळ्यांनी बघायचं नसतं," मिस्त्री छोटी हातोडी उचलत म्हणाले. "मडकं घेतो तसं वाजवून घ्यायचं. पत्रा कडक असेल तर खणखणतो. आगीनं मऊ पडला असेल तर बद्द बोलतो."

ते हळूहळू गाडीभोवती फिरू लागले. बॉनेट... खण्. टप... खण्. मागचं झाकण... खण्. प्रत्येक आवाज माझ्या छातीत वाजत होता. मला ती फुटकी हवी होती हो! ड्रायव्हरचं दार तर असं निनादलं, की खोलीभर तो आवाज रेंगाळला.

"वा! काय बाई आहे!" मिस्त्री खुशीत म्हणाले. "एवढ्या आगीतून उठलीय, पण सूर सोडला नाही."

मेल्यावरही तिचंच कौतुक. 

मग ते डाव्या बाजूला आले. माझ्या दाराशी.

बद्द.

त्यांनी पुन्हा ठोकून पाहिलं. बद्द. ओल्या मातीवर मारल्यासारखं. त्यांनी दिवा काढून आत धरला. ड्रायव्हरची सीट धुराने काळी पडली होती, पण शाबूत होती. तिच्या शेजारी मात्र सीट नव्हतीच. नुसत्या स्प्रिंगा, त्याही मान टाकलेल्या.

"वायरिंगची आग पुढून येते," मिस्त्री पुटपुटले. "ही तर इथंच... या एका जागेवर..." ते माझ्याकडे वळले. "ही आतून जळलीय, ताई. बाहेरून नाही. कोण बसलं होतं इथं?"

"मी..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मला वाटत होतं, या घरात जळणारी मी एकटीच आहे.

मी गॅरेजच्या उघड्या दाराशी आले आणि नवऱ्याला फोन लावला. उचलल्या उचलल्या त्याने विचारलं, "कशी आहे ती?"

मी कशी आहे, ते नाही.

"ठणठणीत आहे," मी म्हणाले. "एक दार आणि एक सीट बदलली की पुन्हा उभी राहील. पण मला नकोय. मी म्हणेन तसं म्हणालास ना? मला ती नकोय."

 "बरं... जाऊ दे तिला," तो म्हणाला.

त्याच क्षणी मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. मी वळले. ड्रायव्हरचं दार सताड उघडं होतं, आणि मिस्त्री तर दूर भिंतीशी, हातात दिवा धरून उभे. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत गाडीची ती बाजू जराशी वर उचलली गेली. आतलं कुणी उतरलं की उचलली जाते ना, तेवढीच.

"ताई..." मिस्त्री कुजबुजले, "तुम्ही एकट्याच आला होतात ना?"

गाडी भंगारात गेली. पुढे आम्ही नवी घेतली. कोरी, पांढरी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. पहिल्याच संध्याकाळी तो मला तळ्याकडे घेऊन निघाला. शीळ घालत होता. इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, जिंकले. गाडीत आता आम्ही दोघंच.

सहज, अगदी सहज, मी हात लांब करून त्याच्या बाजूच्या दारावर बोटाने टकटक केलं. खण्. मग माझ्या बाजूच्या.

बद्द.

"काय गं, काय वाजवतेस?"

"काही नाही... काच वर करते."

मी बटण दाबलं. काच वर गेली, क्षणभर थांबली आणि आपोआप खाली सरकली.

"नवीन आहे ती," तो हसून म्हणाला, "समजून घे."

माझ्या पाठीखालची सीट तापू लागली होती. आणि ओढणीला वास येत होता... इस्त्रीचा.