पिनेला बांधलेली चिंधी

मल्हार, तो मोबाईलचा उजेड बंद कर आधी. लाईट गेली म्हणून काय डोळे गेले का तुझे? छकुली, तू हितं माझ्याजवळ सरक. सांगतो, पण मधी कुणी बोलायचं न्हाय. ही काय कुठं ऐकलेली गोष्ट न्हाय. माझा दोस्त संभाजी, त्याच्या घरात घडलीया. कऱ्हाटीच्या शिवारात त्याची वस्ती हाय. लाईनीवरचं शेवटचं घर. त्याच्या पुढं खांब न्हाय, का तार न्हाय.

संभाजीला छातीचा आजार. रातंदिस नाकात नळी आणि उशाला ऑक्सिजनचं मशीन. ते मशीन चालतं लाईटीवर, आणि आपल्याकडची लाईट तुमाला म्हाईतच हाय. वळीव नुसता ढगात गुरगुरला तरी जाती. त्याचा पोरगा युवराज या लाईटीपायी पार वैतागला व्हता. इन्व्हर्टर घेतला, तर त्याची बॅटरी बसली. तक्रारीला फोन लावावा, तर कुणी उचलायचं न्हाय. बाप खाटंवर तडफडतोय आणि पोरगा कानाला फोन लावून अंगणात येरझाऱ्या घालतोय, असं मी डोळ्यानं बघितलंय. शेवटी गेल्या सालच्या वैशाखात, अमावस्येच्या आदल्या दिवशी, युवराज बारामतीला गेला आणि जनरेटर घेऊन आला. अडीअडचणीला एक छोटा ऑक्सिजनचा सिलेंडर बी भरून आणला.

वाटंत सोपान वायरमन भेटला. टेम्पोतला जनरेटर बघून म्हणाला, "युवराज, लाईन आणि जनरेटर अलग ठेवणारा चेंजओव्हरचा खटका बसवून घे बाबा. आणि तवर मेन स्विच पाडल्याबिगर जनरेटर लावू नगं. न्हायतर त्याचा करंट उलटा तारंत येतो. खांबावर आमी असतो."

"व्हय व्हय, बघतो," युवराज म्हणाला. आभाळ भरून आलं व्हतं, त्याला घर गाठायची घाई.

आता एक सांगायचं ऱ्हायलं. संभाजीची बायको, कौसल्यावहिनी, तीनच म्हैने आधी, माघात वारल्या व्हत्या. वहिनी विजेला लई भ्यायच्या. ढग वाजला की घरभर फिरून सगळ्या पिना काढायच्या. टीव्हीची, फ्रीजची, मिक्सरची. नुसत्या काढून थांबायच्या न्हाईत. पोरांनी परत लावू नये म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी पिनेला गुंडाळून वर गाठ मारायच्या. ती गाठ सोडता सोडता युवराजची नखं दुखायची. किती चिडायचा तो त्यांच्यावर!

त्या रातीला जेवणं झाली आणि वळीव आला. वारं असं, की गोठ्याचा पत्रा उडून विहिरीकडं गेला. कुठंतरी झाड कडाडून मोडलं आणि लाईट गेली. मशीन पीं पीं करून बंद पडलं.

युवराजनं टॉर्च घेतली, तर सेल उतरलेले. जनरेटरची दोरी ओढली. न्हाय. परत ओढली. न्हाय. शिव्या घालत घालत ओढत ऱ्हायला, तवा कुठं सुरू झाला. दोन्ही तोंडांना पिना असलेली वायर त्यानं पडवीतल्या बोर्डात खुपसली. घर उजळलं. मशीन चालू झालं. आणि मेन स्विच? ध्यानातच न्हाय.

तासभर सगळं झकास चाललं. आता जरा पाठ टेकावी म्हणतोय, तोच… अंधार.

जनरेटर भाहेर धडधडतच व्हता. पडवीत जाऊन बघतोय, तर पिन बोर्डातनं निघून खाली पडलेली. मांजर असंल, म्हणून त्यानं परत लावली. उजेड.

खाटेपर्यंत आला. अंधार.

आता मात्र तो भडकला. "स्वरूपा, तू काढलीस का गं?"

स्वरूपा त्याची बायको. सासऱ्याचा हात धरून खाटंवर बसलेली. "मी कशाला काढू? मामंजींना दम लागलाय, लवकर लावा!"

मोबाईलच्या उजेडात त्यानं पिन दाबून बसवली आणि तितंच हुबा ऱ्हायला. बोर्डाकडं बघत.

पिन हलली.

हळूच. कुणीतरी धरून ओढावी तशी…

भाहेर आली.

मोबाईल हातातनं पडला. काळाकुट्ट अंधार. त्यानं खाली बसून वायर चाचपली. हाताला कापड लागलं. कापडावर… गाठ.

आतनं संभाजी बोलला. कसाबसा.

"युवराज… तुझी आई… पडवीत हाय."

युवराजला वाटलं, आई न्यायला आली. आबाला न्यायला आली.

"आई!" तो वरडला. "का छळतीस गं? ती टीव्हीची पिन न्हाय, आबाचा जीव हाय!"



तो नखांनी गाठ वरबाडत बसला. रडत व्हता, शिव्या घालत व्हता. गाठ सुटंना. शेवटी स्वरूपाच किंचाळली, "सोडा ते! सिलेंडर आणा, सिलेंडर!"

रागाच्या भरात सिलेंडर इसरलाच व्हता. दोघांनी अंधारात नळी जोडली. संभाजीचा श्वास हळूहळू ठिकाणावर आला.

तेवढ्यात भाहेरनं हाक आली. "युवराज! जनरेटर बंद कर! आधी बंद कर!"

सोपान वायरमन. चिखलानं माखलेला, पायरीवर बसला. म्हणाला, "तुमची तार तुटलीया, दोन खांबांपल्याड. संभाजीआबा मशीनवर हायती म्हणून रातीच आलो. तिकडं ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर लाईन बंद केली आणि खांबावर चढलो. वाऱ्यात काय ऐकू येत न्हवतं. उघड्या हातानं तार धरली, जोडली. वारं पडलं, तवा तुझा जनरेटर ऐकू आला. मेन पाडला व्हतास ना?"

युवराजनं बॅटरीचा झोत भिंतीवर मारला. सोपानचीच बॅटरी ती. मेन स्विच वरच व्हता.



"मग मी जिता कसा?" सोपाननं इचारलं.

युवराजनं नुसती पिन वर धरली.

पहाटं लाईट आली. संभाजी अजून हाय, परवाच भेटून आलो. त्या सकाळी युवराजनं मला बोलावून घेतलं. गाठ कुणालाच सुटत न्हवती. मी बी बघितली सोडून. मग उजेडात ती चिंधी नीट बघितली आणि हात काढून घेतला.

हिरवीगार. पिवळ्या काठाची. नवी कोरी.

वहिनी सवाष्ण गेल्या. त्यांच्या भावानं शेवटचं माहेरचं लुगडं आणलं व्हतं, असंच हिरवं, पिवळ्या काठाचं, त्याची घडी मोडली ती त्यांच्याच अंगावर. लाकडं मी रचली व्हती, पोरांनो. ते लुगडं काठासकट जळताना मी हुबा राहून बघितलंय.