पेशींची गादी

भांडायला जाताना केस विंचरून जाऊ नये असा काही नियम नाही. पण ती न विंचरताच जिना उतरली, यावरून तिचा संताप किती खरा होता ते कळावं.

वरच्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा, खाली गाद्यांच्या कंपनीची तपासणीची खोली. खालून दिवसभर ‘धप्प... धप्प...’ यायचं, आणि प्रत्येक धप्पसरशी तिच्या सूक्ष्मदर्शकातलं चित्र थरथरायचं. सगळे तिला पेशीबाई म्हणत. पेशीबाईंचा आवाज सहसा चढत नसे. आज चढणार होता.

दार ढकललं, तर एक तरुण डोळे मिटून गादीवर उताणा पडलेला.

“लाज नाही वाटत? कामाच्या वेळेत झोपा काढता?”

“कामावरच आहे,” डोळे न उघडता तो म्हणाला. “पाठीला गादी कशी लागते ते बघतोय. हळू बोला, बिचकेल ती.”

“कोण?”

“पाठ.”

तिला हसू आलं, आणि भांडायला आलेल्याला हसू आलं की खटला तिथेच निकालात निघतो. तरी तिनं तक्रार सांगितली. त्यानं कारण सांगितलं: गादी किती टिकते ते बघायला गादीवर वरून वजन टाकतात, त्याचा तो आवाज.

“तुमचं काय हलतं ते दाखवा,” तो म्हणाला. “गुन्हा बघितल्याशिवाय मी माफी मागत नाही.”

वर येऊन त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले... आणि ते काढायलाच विसरला.

“हे... जिवंत आहे?”

“मूळपेशी आहेत. कोण व्हायचं ते अजून ठरलेलं नाही त्यांचं. हाड होतील, स्नायू होतील. मला त्यांचं हृदय करायचंय.”

“ठरलेलं नाही, असं आमच्या घरी माझ्याबद्दलही बोलतात.”

ती हसली, आणि हसता हसता सांगत सुटली. शरीरात पेशी अधांतरी नसतात. त्यांच्याभोवती बारीक तंतूंचं जाळं असतं, तेच त्यांचं घर, तेच अंथरूण. “ते कडक असलं तर पेशी एक होते, मऊ असलं तर दुसरीच. खाणंपिणं तेच, तरीसुद्धा!”

“म्हणजे कोण व्हायचं ते गादी ठरवते?” त्याचे डोळे विस्फारले. “आणि मी इतकी वर्षं लोकांना नुसता झोपवत होतो!”

“एकटी गादी नाही ठरवत. पण तिचं मत घेतल्याशिवाय पेशी काही करत नाहीत.”

त्यानं विचारत जावं, तिनं सांगत जावं... आणि टेबलावर एक छोटी बाटली बर्फाबाहेर राहिली. त्याच जाळ्याचं जेल होतं तिच्यात. थंडीत पातळ, उबेत घट्ट. ‘जेल बाहेर ठेवू नये’ अशी पाटी समोरच्या भिंतीवर होती. अक्षर पेशीबाईंचंच.

बाटली उलटी केली, तर थेंब पडेना.

तिचा चेहरा उतरला. ती शेवटची बाटली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं, या खेपेला पेशींची धडधड दिसली नाही तर विषय बंद. नवं जेल यायला वेळ लागणार, आणि पेशी काही कुणासाठी थांबत नाहीत.

“फ्रीजमध्ये ठेवलं तर?”

“एकदा घट्ट झालं की परत पातळ होत नाही.” ती स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले.

धीर कसा द्यायचा ते त्याला माहीत नव्हतं. गाद्यांचं माहीत होतं. “आमची गिऱ्हाइकं नवी गादी परत करतात. म्हणतात, जुनीच बरी होती. माणूस वर्षानुवर्षं झोपून आपली गादी आपणच घडवतो ना...”

तिनं मान वर केली. “परत बोला.”

“नवी गादी परत—”

“ते नाही. शेवटचं!”

उबेच्या कपाटात दुसऱ्या कामासाठी वाढवलेल्या त्वचेच्या पेशी होत्या. पेशी आपल्याभोवती आपलं जाळं स्वतःच विणतात. त्या हलक्या हातानं धुऊन काढल्या की बिऱ्हाड जातं, घर तसंच उरतं. तिनं श्वास रोखून ते केलं.

“यात तर काहीच नाही,” बशी उजेडाला धरून तो म्हणाला.

“आहे. दिसत नाही, एवढंच.”

त्या न दिसणाऱ्या घरात तिनं आपल्या पेशी सोडल्या.

सरांनी विचारलंच, “तुझ्या हातून जेल बाहेर राहिलंच कसं?”

“बोलत होते, सर.”

“कोणाशी?”

“गादीवाल्याशी.”

“इतकं काय बोलण्यासारखं असतं गाद्यांत?”

तिचे कान लाल झाले. सरांनी पुढे विचारलं नाही. सरही एके काळी तरुण होते म्हणतात. पुरावा उपलब्ध नाही.

खालचा माणूस आता तिच्या कामाच्या वेळेत वजन टाकत नसे. त्या शांततेत तिचं लक्ष लागेना. पण ही तक्रार करायची कुणाकडे?

आणि एका सकाळी ती पुन्हा केस न विंचरता जिना उतरली. “वर चला!”

त्यानं डोळे लावले. बशीच्या मधोमध एक ठिपका आकसला... सैलावला... पुन्हा आकसला. कडेला दुसरा, आपल्याच चालीनं. बघता बघता दोघांची चाल एक झाली.

“कोणी शिकवलं त्यांना?” तो कुजबुजला, झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसा.

“कोणीच नाही.” तीही कुजबुजली. “मी रोज बघते, तरी कळत नाही.”

थोडं थांबून तिनं विचारलं, “ती घट्ट झालेली बाटली कुठे गेली?”

“माझ्या उशाशी आहे.”

“कशाला?”

“परत पातळ होत नाही म्हणालात ना... माझंही तेच झालंय. त्याच टेबलापाशी, त्याच वेळी.”

“याला आम्ही निष्काळजीपणा म्हणतो.”

“मग विषय बंद?”

ती त्याच्याजवळ सरकली. “एक डोळा तुझा,” ती म्हणाली, “एक माझा. थोडा बाजूला हो.”

सूक्ष्मदर्शकाच्या एका नळीला त्याचा डोळा, दुसरीला तिचा, गालाला गाल.

खाली कोणी वजन टाकलं नव्हतं. तरी चित्र थरथरलं.