माथ्याच्या अलीकडे

बोरिवलीच्या पूर्वेचा डोंगर शुभाने स्वतःच्या पायांनी चढून दाखवायचा, तरच शाळेच्या खो-खोत नाव घालायचं, ही दादाची अट. म्हणून छप्पन सालच्या पौषात, एका रविवारी आम्ही तिघं निघालो. शुभा अकरा वर्षांची, दम्याची. तिचे वडील विद्याधर, म्हणजे माझा दादा, तिला जिनासुद्धा जपून चढायला लावणारा. मी तिची आत्या, माणिक. मध्यस्थीची हौस माझी, आणि पायही आधी माझेच दुखले!

कान्हेरीची लेणी मागे पडली आणि वाट करवंदीच्या जाळीत शिरली. पदर फाटला, खडक तापले, पाणी संपत आलं. शुभा मात्र न थांबता, सावकाश, एका लयीत चढत होती. "बस जरा," असं दर वळणावर दादाच म्हणायचा आणि स्वतः टेकायचा.

माथा दिसू लागला, तोच दादाची काठी कपारीतल्या पोळ्याला लागली. आग्या माश्या!

"पळा!"

पळालो. काटे, दगड, घसरण, कशाचंच भान नाही. शुभा सर्वांत पुढे! माश्या मागे राहिल्या तेव्हा एका झाडाखाली कोसळलो. आणि थांबल्यावर थोड्याच वेळात तिच्या छातीतून शिटी ऐकू यायला लागली. खांदे वर ओढले गेले. ओठ करडे पडले. तिला पुढे वाकवून बसवलं, डॉक्टरांची गोळी दिली. मग नुसती वाट बघायची. मी फार घाबरले.

सावली सरकली तसा श्वास हळूहळू मोकळा झाला.

दादाचा चेहरा उतरला होता. "ये, पाठीवर बस. माथा एवढासा राहिलाय. अट पुरी झाली असं धरू."

"नको."

"अगं, मीच म्हणतोय ना!"

"बाबा, चढताना मला काही झालं नाही. एकदम पळाले म्हणून झालं. पाठीवर बसून गेले तर ती अट कसली? आणि आता स्वतः वर गेले तर उतरायला दम कुठून आणू? राहू दे खो-खो."

तिचे डोळे भरले होते. तरी तीच पहिली वळली. आम्ही पाय ओढत मागून.

लेण्यांपाशी पोहोचलो तर शुभा पायरीवर बसल्या बसल्या झोपली. दादा तिला उचलायला वाकला, आणि थांबला. तिच्या शेजारी बसला.

"उठेल तेव्हा चालतच जाऊ," तो हळूच म्हणाला. "आणि माणिक, उद्या शाळेत जाऊन मीच नाव घालतो. बाईंना सांगतो, आधी सावकाश पळू द्या. आणि ती पुरे म्हणाली, की पुरे."